तिसऱ्या पुस्तकाची उरलेली पानं

आमच्या घरी वर्षातले चार महिने भात असायचा. उरलेल्या आठ महिन्यांत कुटकीची आंबील, मोहाची फुलं आणि जंगलात मिळेल ते. आमचं गाव म्हणजे जंगल खात्यानं वसवलेलं वनगाव, आलापल्लीपासून दोन कोसांवर, सागाच्या रानात. जमीनही खात्याचीच. ती कसायला मिळायची ती एका अटीवर, की लाकूडतोडीची हाक आली की घरातल्या गडीमाणसानं कुऱ्हाड घेऊन निघायचं. मग स्वतःचं शेत निंदायला आलेलं असो की कापायला. बा निघायचा. माय एकटीच निंदत राहायची. पावसाळ्याच्या शेवटी कणगी रिकामी झाली की ती रानातले कडू कंद खणून आणायची, चिरून टोपलीत घालायची आणि नाल्याच्या वाहत्या पाण्यात बुडवून ठेवायची. कडवटपणा नीट धुतला गेला नाही तर घसा सुजतो. एका वर्षी आम्हाला तेवढा धीर धरवला नाही, आणि घरातलं कोणीच दोन दिवस बोलू शकलं नाही. कोणाला दया यावी म्हणून हे लिहीत नाही. असं होतं, एवढंच.

घरात आम्ही चौघं. बा, माय, दादा आणि मी. दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. गावात शाळा उशिरा आली; तो दुसरीत होता तेव्हा बाचा पाय ओंडक्याखाली आला, आणि घरातल्या कुऱ्हाडीला दुसरा माणूस हवा होता. दादा बारा वर्षांचा होता. तो गेला. माझी शाळा चालू राहिली ती त्यामुळे. चौथीनंतर मास्तरांनी खटपट करून मला चांद्याच्या, म्हणजे आताच्या चंद्रपूरच्या, वसतिगृहात घातलं तेव्हाही घरी कामाला हात कमी पडतील असं कोणी म्हटलं नाही, कारण दादाचे हात होते. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी घरात जे बोललो ते वाचून तुमचं माझ्याबद्दल काय मत होईल, ते मला ठाऊक आहे.

मी पुढे जन्मभर विज्ञान शिकवलं. अजूनही एखादा विद्यार्थी विचारतो, सर, हौस म्हणून इलेक्ट्रॉनिक्स शिकायचं तर कोणती पुस्तकं घेऊ? मी तीन सांगतो. पुस्तकं काळाप्रमाणे बदलत गेली, पण क्रम मी बदलला नाही. आधी चित्रांचं पातळ पुस्तक, मग विजेच्या मूळ तत्त्वांचं, आणि शेवटी जाड. जाड पुस्तक आधी उघडणारा माणूस आठ दिवसांत ते मिटतो. हा क्रम माझा नाही. तो ज्यानं घालून दिला तो आलापल्लीला पोलिसांच्या बिनतारी यंत्रावर बसणारा एक बाबू होता, आणि त्यानं तो मला सांगितला नव्हता. दादाला सांगितला होता.

त्या यंत्राच्या तारेसाठी सागाचे दोन उंच खांब उभे करायचे होते. खांब वाहून आणणाऱ्यांत दादा होता. काम झाल्यावर बाकीचे विडी ओढायला बसले आणि हा खिडकीशी जाऊन उभा राहिला. आत बाबू कानाला काळ्या वाट्या लावून काहीतरी लिहीत होता. दादानं विचारलं, कोण बोलून राह्यलं? बाबू म्हणाला, चांदा. दादाला ते खरं वाटलं नाही. चांद्याला जायचं तर वैनगंगा डोंगीनं ओलांडावी लागे आणि सगळा दिवस मोडे. मग तो दर बाजाराच्या दिवशी खिडकीशी जाऊन उभा राहू लागला. बाबू जबलपूरकडचा, एकटा माणूस. महिनाभरानं त्यानं दादाला आत बोलावलं.

बाबूनं त्याला आधीच बजावलं होतं की यातून नोकरी मिळणार नाही, हा नुसता शौक आहे. दादाला नोकरी नकोच होती. गावातली माणसं हसायची. लाकूडतोड्याला शौक म्हणजे कोंबड्यांच्या झुंजी, फार तर ढोल. याला तारेचा शौक लागला म्हणे.

संदेशाच्या कोऱ्या कागदामागे बाबूनं तीन पुस्तकांची नावं लिहून दिली. पहिलं हिंदीतलं, चित्रांचं, बिनविजेचा रेडिओ कसा बनवायचा ते सांगणारं. दुसरं मराठीत, विजेबद्दल. तिसरं इंग्रजीत, उशीसारखं जाड. पहिली दोन मी चांद्याहून मिळवून आणली. तिसरं बाबूचं स्वतःचं होतं, ते त्यानं वाचायला दिलं. त्याचा नियम असा होता: पहिलं पुस्तक हातानं वाचायचं, म्हणजे त्यात लिहिलेलं करत करत. दुसरं पेन्सिल घेऊन. तिसरं सलग वाचायचंच नाही. आपण केलेली वस्तू चालली नाही की मगच उघडायचं.

आमची वाटणी अशी झाली. दादाला देवनागरी अक्षर अक्षर लावून वाचता येई, इंग्रजी मुळीच नाही. मी सुट्टीत आलो की वाचायचं काम माझं आणि करायचं त्याचं. घरी आम्ही गोंडी बोलायचो. इथं ते बोलणं मी बाजारातल्या मराठीत लिहितो आहे. गोंडीत कॉइलला शब्द नव्हता, कंडेन्सरला नव्हता. दादा म्हणे, शब्द राहू दे, त्याचं काम सांग. काम सांगितलं की तो शब्द स्वतःच ठेवी. कंडेन्सरला तो ‘कणगी’ म्हणायचा, भरते आणि रिकामी होते म्हणून.

पुस्तकात पुठ्ठ्याची नळी घ्या असं होतं. आमच्याकडे पुठ्ठा कुठला? दादानं वाळलेला बांबू घेतला, आतून कोरून कागदासारखा पातळ केला आणि त्यावर कॉइलची तार गुंडाळली. गुंडाळलेल्या तारेला शेलॅक लावा, असं पुढे होतं. हे काय ते मला कळेना. वसतिगृहात परत गेल्यावर शब्दकोशात पाहिलं तर ती लाख निघाली. आमची माय दर हंगामात पळसाच्या डहाळ्यांवरून खरवडून बाजारात विकायची तीच. पुढच्या सुट्टीत तिला सांगितलं तेव्हा ती कितीतरी वेळ हसत होती. म्हणाली, “एवढं शिकून साहेब लोक शेवटी माह्याच टोपल्यात हात घालते काय?” लाख स्पिरिटमध्ये विरघळवायची होती. आम्ही घरची मोहाची दारू वापरली. कच्ची लाख आणि त्यात पाण्याचा अंश. खळीसारखा पांढरा गोळा झाला, वाळेचना, आणि चांगली दारू वाया घालवली म्हणून बानं तीन दिवस ऐकवलं. मग बाबूनं दवाखान्यातून थोडं स्पिरिट आणून दिलं.

ते पहिलं यंत्र वाजलं नाही. साजाच्या झाडाएवढी उंच तार बांधली, ओल्या मातीत दुसरी पुरली, बाबूची जुनी वाटी कानाला लावून, पुस्तकात सांगितलेल्या चमकत्या खड्यावर बारीक तारेचं टोक हजार जागी टेकवून पाहिलं. काही नाही. बाबूकडे गेलो तर तो शांतपणे म्हणाला की वाजणार नव्हतंच; ते पुस्तक शहरातल्या माणसासाठी आहे, नागपूर इथून फार लांब. मग काऊन करायला लावलं, असं दादानं विचारलं. बाबू म्हणाला, हात बसावा म्हणून. दादा दोन बाजार त्याच्याकडे गेला नाही. तिसऱ्या बाजाराला गेला आणि जाड पुस्तक घेऊन आला.

त्यात एका वॉल्व्हचं यंत्र होतं, बॅटरीवर चालणारं. वॉल्व्ह युद्धानंतरच्या भंगारातला, नागपूरच्या जुन्या बाजारातून बाबूनं मागवून दिला. कानाच्या वाट्याही तिथल्याच. सागाच्या फळीवर दादानं मांडणी सुरू केली. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही रोज चार-पाच पानं करायचो. मी वाचून सांगायचो, तो डोळे मिटून ऐकायचा. सुट्टी संपली तेव्हा त्या यंत्राच्या प्रकरणाची चाळीसेक पानं उरली होती. म्हणालो, दिवाळीत पुरी करू. मी मॅट्रिकच्या वर्गात गेलो.

श्रावणात त्याला ताप आला आणि पाचव्या दिवशी तो गेला. नाल्यांना पूर होता, आलापल्लीची वाट बंद होती. बाबूचं पत्र मला पंधरा दिवसांनी मिळालं. वैनगंगेवर डोंगी चालत नव्हती. मी निघालो, आष्टीच्या घाटावर दोन दिवस थांबलो आणि चांद्याला परत गेलो. घरी पोचलो तो दिवाळीच्या सुट्टीत.

आमच्यात माणूस गेला की त्याच्या वापरातल्या वस्तू त्याच्याजवळ ठेवतात. पुढच्या वाटेवर त्याला लागतील म्हणून. गावाबाहेर मोहाच्या झाडांखाली दादाला ठेवलं होतं. वर दगड, दगडांवर त्याची कुऱ्हाड, पाण्याचं गाडगं, घोंगडी, आणि एक पत्र्याचा डबा. डबा कशाचा ते मी मायला विचारलं. ती म्हणाली, “त्याची पुस्तकं हायेत. पावसानं भिजतीन म्हणून डब्यात घातली, वरून लाख लावली.”

अर्धवट यंत्र मात्र घरातच माळ्यावर होतं. बाचं म्हणणं, ते दोघा भावांचं होतं, म्हणून ठेवलं. पुस्तकं दादाची होती. जाड पुस्तक तर बाबूनं त्याच्या हातात दिलेलं बानं डोळ्यांनी पाहिलं होतं.

चार दिवस गेले. त्या डब्याचाच विचार करत होतो. पाचव्या दिवशी बाला म्हटलं, एक पुस्तक परत आणायचं आहे. ते बाबूचं आहे, उसनं आहे. बा म्हणाला, दिलेली वस्तू परत आणत नाई. मी म्हटलं, ती द्यायला तुमची नव्हतीच. तो म्हणाला, आता त्याची झाली. मग मी ते वाक्य बोललो.

“त्याले इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं. जिता असताना वाचता आलं नाई, आता काय वाचून राह्यला तो तिथी?”

बा उठला, काठी घेतली आणि लंगडत बाहेर गेला. माय चुलीशी होती. ती एवढंच म्हणाली, “हे शिकून आला तू चांद्याहून?”

मी माफी मागितली नाही. मॅट्रिकला पोचलेला त्या भागातला मी पहिला. माझी मान ताठ होती. दुसऱ्या दिवशी आलापल्लीला बाबूकडे गेलो. मला वाटलं, त्यानं पुस्तक मागितलं की बाला द्यावंच लागेल. मी सगळं सांगितलं. बाबूनं कानाच्या वाट्या काढून टेबलावर ठेवल्या. “वो किताब मैंने भाऊ को दी थी,” तो म्हणाला. “उनके पास रहने दो. तुम्हें चाहिए, तो अपने लिए माँगो. मेरा नाम मत लो.”

दोन कोस चालत आलो. वाटेत स्वतःला बरंच काही समजावून पाहिलं, पण तो म्हणाला ते खरं होतं. पुस्तक मलाच हवं होतं. उरलेल्या चाळीस पानांत काय आहे ते मला हवं होतं, आणि माळ्यावरची ती फळी पुरी करायची होती. बा अंगणात बांबू फोडत बसला होता. त्याच्यासमोर जाऊन म्हटलं, “बाबूले नाई पाहिजे. मले पाहिजे.”

तो फोडतच राहिला. एक कांब बाजूला ठेवून त्यानं विचारलं, “किती पानं रायली होती त्याची?”

“चाळीस.”

“मंग ती वाचून दे त्याले. अर्ध्यावर सोडून कसं मागते? पुरं झाल्यावर तो देते का नाई, ते गायत्याले विचारू.”

गायता म्हणजे आमच्या गावचा प्रमुख, आणि जिवंत माणसं व गेलेली माणसं यांच्यामध्ये बोलणाराही तोच. म्हातारा झाला होता. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, असं कोणी केलेलं मी पाह्यलं नाई, पण यात वाईट काही नाई.

दुपारचं जेवण झालं की आम्ही तिघं मोहाखाली जायचो. लाखेचा थर सुरीनं काढून बानं डबा उघडला. पुस्तक कोरडं होतं. खूण म्हणून घातलेली बांबूची काडी जिथल्या तिथं होती. मी वाचायला लागलो, म्हणजे इंग्रजी वाक्य मनात वाचायचं आणि गोंडीत सांगायचं. पहिल्या दिवशी मी दहा पानं उरकली. सरळ सांगतो, मला ते उरकायचंच होतं. माय दगडांशी बसली होती. ती म्हणाली, “हळू वाच गा. एकदा आयकून त्याले समजत नव्हतं, तू दोनदा सांगत होता.”

दुसऱ्या दिवशी मी ती दहा पानं पहिल्यापासून घेतली आणि प्रत्येक गोष्ट दोनदा सांगितली.

बा माझ्याकडे पाठ करून बसायचा, टोपलीच्या कांबी सोलत. ऐकतो आहे की नाही, कळायचं नाही. तिसऱ्या दिवशी वॉल्व्हचं आलं. काचेच्या आत बारीक तार तापते, तापली की तिच्यातून कण सुटतात आणि समोरच्या पत्र्याकडे जातात. मध्ये एक जाळी असते, ती त्यांना सोडते किंवा अडवते. बानं पाठ न वळवता विचारलं, “जाळीवर कोण बसते?” मी म्हटलं, कोणी नाही, तारेतून जो आवाज आला असेल तोच जाळीवर बसतो. तो म्हणाला, “म्हणजे नाकेदार.” जंगलाच्या नाक्यावर गाड्या अडवणारा नाकेदार असायचा तसा. एवढी नेमकी उपमा मला पुढे चाळीस वर्षांच्या शिकवण्यात सुचली नाही. दादा असता तर तिथल्या तिथं त्यानं जाळीचं नाव नाकेदार ठेवलं असतं.

पाचव्या दिवशी मी पान उलटलं आणि थांबलो. आम्ही दोघं मिळून जिथवर कधीच पोचलो नव्हतो, त्या पानांतलंच तेही एक. त्यावर जोडणीची मोठी आकृती होती, आणि तिच्यावर पेन्सिलच्या खुणा होत्या. प्रत्येक रेषेवरून पेन्सिल फिरवलेली. जिथं कॉइल होती तिथं शेजारी बांबूची पेरं काढलेली, कंडेन्सरपाशी लहानशी कणगी. पुस्तकातल्या दोन जोडांवर फुली मारून त्यानं ते दुसरीकडे दाखवले होते. आमची फळी पुस्तकातल्यापेक्षा अरुंद होती, म्हणून. पुढच्या पानावरही खुणा. त्याच्या पुढच्याही. मी चांद्याला गेल्यावर, आषाढात, त्यानं एकट्यानं चित्रांवरून शेवटपर्यंतची वाट काढली होती. माझ्यासाठी थांबला नव्हता.

मायनं विचारलं, काय झालं. मी पुस्तक तिच्यापुढे धरलं. तिनं कणगी ओळखली, पेरं ओळखली. बा उठून आला, गुडघ्यावर हात टेकून वाकला आणि त्या आकृतीकडे पाहत राहिला.

“तू म्हणत होता त्याले वाचता येत नाई,” तो म्हणाला. रागानं म्हणाला नाही. राग असता तर मला सोपं गेलं असतं.

मी म्हणालो, चुकलं. ते बाला म्हणालो की दगडांना, मला आठवत नाही.

उरलेली पानं सातव्या दिवशी संपली. गायत्यानं पानाच्या द्रोणात पाणी घेतलं आणि तांदळाचे दोन दाणे अलगद पाण्यावर ठेवले, एक या काठाला, एक त्या. दाणे जवळ आले तर देणाऱ्याची ना नाही. थोडा वेळ ते जागीच तरंगत राहिले. मग हळूहळू सरकले आणि एकमेकांना लागले. पाण्याच्या पृष्ठभागाला ताण असतो, त्यानं हलक्या वस्तू आपसूक जवळ येतात; हे मी पुढे कॉलेजात शिकलो. बाला ते कधी सांगितलं नाही.

मी तिसरंच पुस्तक घेतलं. पहिली दोन मायनं परत डब्यात ठेवली, गरम लाख लावून झाकण बसवलं आणि डबा होता तिथं ठेवला. मी निघण्याच्या दिवशी बाबूकडे गेलो. त्यानं पुस्तक उघडून खुणांची पानं पाहिली. दोन फुल्यांपाशी त्याचं बोट थांबलं. जोड बरोबर आहेत, म्हणाला. पुस्तक मिटून त्यानं माझ्या हातात दिलं आणि कानाला वाट्या लावून यंत्राकडे तोंड फिरवलं. पुढच्या वर्षी त्याची बदली झाली. मला त्याचा पत्ता कधी मिळाला नाही.

मॅट्रिक झालो. शिष्यवृत्तीवर नागपूरला गेलो. तिथं वर्गातली मुलं मला विचारायची, वाघ पाहिला का रे? मी म्हणायचो, पाहिला, तुमच्यापेक्षा कमी प्रश्न विचारतो. पहिल्या वर्षाच्या उन्हाळ्यात बॅटऱ्या घेऊन घरी आलो आणि दादाच्या खुणा समोर ठेवून उरलेले जोड केले. मी स्वतःहून काही बदललं नाही. सांज पडताना वाट्यांमध्ये आधी खरखर आली, मग एका माणसाचा आवाज. तो कापसाचा भाव सांगत होता. मायनं एक वाटी कानाला लावली आणि बराच वेळ ऐकलं. म्हणाली, “याले सांग, इथी कापूस पिकत नाई.” बानं वाटी हातात घेतली, कानाशी नेली नाही. तिचा तळहातावर येणारा बारीकसा थरकाप तो बघत बसला. मग माझ्याकडे देऊन मोहाच्या झाडांकडे निघून गेला. मी मागे गेलो नाही.

तीन वर्षांनी मी पदार्थविज्ञान घेऊन बी.एस्सी. पास झालो. आमच्या घरातला पहिला, आमच्या गावातला पहिला.